पुनर्विकासाच्या आधी एकत्र बसण्याचे नियम ठरवा: ठाण्यातील गृहनिर्माण संस्थांना खुले पत्र

प्रति,
ठाणे शहरातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या व्यवस्थापक समित्यांचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार, समिती सदस्य आणि सर्व सभासद यांस

सविनय नमस्कार.

नौपाडा, चरई, घंटाळी, पाचपाखाडी या भागांतील कोणत्याही गल्लीत आज पाहिले, तर एखादी इमारत रिकामी झालेली दिसते, एखादी पाडली जात असते आणि एखाद्या इमारतीच्या फाटकावर विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस लागलेली असते. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत बांधलेल्या या इमारतींनी तिशी कधीच ओलांडली आहे. त्यामुळे महानगरपालिकेला संरचनात्मक तपासणीचा अहवाल देणे त्यांना बंधनकारक आहे. तो अहवाल सी-१ वर्गाचा आला, म्हणजे इमारत राहण्यास अतिधोकादायक ठरली, की विचार करायलाही उसंत राहत नाही. त्यातच डिसेंबर २०२० मध्ये एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली (कोणत्या भूखंडावर किती बांधकाम करता येईल हे ठरवणारे नियम) लागू झाली आणि पूर्वी ज्या भूखंडांकडे बिल्डर फिरकत नसत, तेथेही प्रस्ताव येऊ लागले. अशा वेळी शेजारी म्हणून वर्षानुवर्षे नांदलेल्या माणसांना पहिल्यांदाच एकत्र बसून आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठा आर्थिक निर्णय घ्यावा लागतो आहे.

या पत्रातून मी एकच विनंती करणार आहे. बिल्डर कोणता, किती टक्के जादा क्षेत्र, कॉर्पस (बिल्डरने सभासदांना द्यायची एकरकमी रक्कम) किती, बांधकाम होईपर्यंतचे भाडे किती, यातील कोणताही विषय सभेपुढे येण्याआधी, आपण सर्वांनी मिळून काम कसे करायचे याचे नियम ठरवण्यासाठी एक स्वतंत्र सभा घ्यावी आणि ते नियम लेखी स्वरूपात मंजूर करावेत.

कायदा असताना वेगळे नियम कशाला, असे अनेक जण विचारतील, आणि हा प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आपल्याला लागू आहे, उपविधी, म्हणजे संस्थेची स्वतःची नियमावली, आहेत आणि कलम ७९(अ) खाली शासनाने ३ जानेवारी २००९ रोजी दिलेले व ४ जुलै २०१९ रोजी सुधारलेले पुनर्विकासाचे निर्देशही आहेत. सभेची सूचना किती दिवस आधी द्यायची, दोन तृतीयांश गणपूर्ती (सभेला हजर असावी लागणारी किमान सभासदसंख्या) कशी मोजायची, ५१ टक्के संमती कशी नोंदवायची, सभेचे चित्रीकरण करायचे, विकासक निवडताना सहकारी संस्थांच्या निबंधक कार्यालयाचा प्रतिनिधी हजर हवा, हे सारे त्या निर्देशांतून येते. परंतु कायदा डोकी मोजतो आणि कागद तपासतो. एका खोलीत बसलेल्या साठ माणसांनी एकमेकांशी कसे बोलावे, कोणाचे ऐकून झाल्याखेरीज मत घेऊ नये, फीजिबिलिटी रिपोर्ट (पुनर्विकास परवडेल का, हे तपासणारा अहवाल) आधी कोणाच्या हातात पडावा, विरोध करणाऱ्या सभासदाशी दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये कसे वागावे, यांबद्दल कायद्याला काही सांगता येत नाही आणि त्याने सांगूही नये. उपनिबंधकांकडे जाणाऱ्या तक्रारींत गणपूर्ती, सूचना आणि इतिवृत्त यांची भाषा असते. तिच्या मुळाशी मात्र बहुधा ‘आम्हाला विचारलेच नाही’ आणि ‘त्यांना आधीपासून माहीत होते’ ही दोन दुखणी असतात.

दुसरा आक्षेप अधिक आपुलकीचा आहे: आम्ही सगळे चाळीस वर्षांचे शेजारी, आम्हाला बोलण्याचे नियम कसले लावता? माझे म्हणणे असे की जुन्या ओळखी असल्यामुळेच नियमांची गरज अधिक आहे. अनोळखी माणसाला आपण सहज म्हणू शकतो की तुमचे बोलणे लांबले. ज्यांनी आपल्या मुलाला शाळेत सोडले, ज्यांनी आपल्या वडिलांच्या आजारपणात रात्री रुग्णालयात काढल्या, त्या काकांना भर सभेत थांबवणे कोणालाही जमत नाही. मग काका अर्धा तास बोलतात, तरुण सभासद उठून जातात आणि पुढच्या सभेला येत नाहीत. प्रत्येकाने तीन मिनिटे बोलावे असे सर्वांनी आधीच ठरवलेले असेल, तर काकांना थांबवणारा माणूस उद्धट ठरत नाही आणि काकांचाही मान राहतो.

आपल्या देशाने हे फार मोठ्या प्रसंगी केलेले आहे. संविधान सभा ९ डिसेंबर १९४६ रोजी पहिल्यांदा भरली. फाळणीचे सावट होते, मुस्लिम लीगने सभेवर बहिष्कार टाकलेला होता आणि संस्थानांचे प्रतिनिधी अद्याप आलेले नव्हते. तरीही त्या पहिल्याच अधिवेशनात सभेने आपल्या कामकाजाचे नियम तयार करण्यासाठी समिती नेमली आणि त्याच महिन्यात ते नियम चर्चा करून मंजूर केले. संविधानाचा मसुदा तेव्हा पुष्कळ दूर होता. याच अधिवेशनातील आणखी एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. १३ डिसेंबरला पंडित नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला, तेव्हा बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांनी, जे आज सभागृहात नाहीत त्यांना येण्याची संधी मिळावी म्हणून हा ठराव पुढे ढकलावा, अशी दुरुस्ती सुचवली. तिच्यावर बरीच टीका झाली. १७ डिसेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या भूमिकेच्या बाजूने भाषण केले, आणि ठराव शेवटी मंजूर झाला तो २२ जानेवारी १९४७ रोजी. बहुमत हाताशी असतानाही गैरहजर असलेल्यांसाठी थांबायचे की नाही, हा प्रश्न त्या सभेने गांभीर्याने घेतला. आपल्या संस्थांमध्ये गणपूर्ती झाली की ‘जे आले नाहीत त्यांनी तक्रार करू नये’ असे म्हणण्याची घाई होते; परदेशी असलेला सभासद, अंथरुणाला खिळलेल्या आजी, वारसांमध्ये वाद असलेली सदनिका यांचे मत कसे मिळवायचे, हे आधी ठरवलेले नसते.

आता नियमांकडे येतो. सर्वांत अधिक वेळ ज्यावर द्यावा असे मला वाटते, तो विषय माहितीचा आहे. समितीतील दोघे-तिघे बिल्डरच्या कार्यालयात जाऊन येतात, चहा होतो, आराखडा दाखवला जातो, आणि त्यांच्या मनात काही वाईट नसले तरी त्या दिवसापासून इमारतीत दोन वर्ग तयार होतात: ज्यांनी पाहिले ते आणि ज्यांनी ऐकले ते. म्हणून पहिला नियम असा असावा की संस्थेकडे आलेला प्रत्येक कागद, मग तो प्रकल्प व्यवस्थापन सल्लागाराचा अहवाल असो, निविदा असो वा वकिलांचे मत असो, सर्व सभासदांना एकाच दिवशी मिळेल आणि ज्या सभेत त्यावर निर्णय व्हायचा आहे तिच्या पुरेसा आधी मिळेल. कोणत्याही बिल्डरला कोणीही एकट्याने भेटू नये. भेट झालीच, अगदी लग्नाच्या मांडवात योगायोगाने झाली तरी, पुढच्या सभेच्या सुरुवातीला ती सांगावी. ज्याचा नातेवाईक बांधकाम व्यवसायात आहे, जो स्वतः दलालीचे काम करतो, किंवा ज्याने याच इमारतीत आणखी सदनिका घेण्याची बोलणी चालवली आहेत, त्याने ते आपणहून जाहीर करावे आणि त्या विषयावर मत देऊ नये. हा नियम कोणाविरुद्ध संशय उभा राहण्याच्या आधी झाला पाहिजे, कारण संशय आल्यावर केलेला नियम हा त्या माणसावर केलेला आरोपच असतो.

माहितीच्याच ओघात भाषेबद्दल लिहिणे आवश्यक वाटते. विकास कराराचा मसुदा इंग्रजीत असतो, तो शेकडो कलमांचा असतो, आणि सभेत मान डोलावणाऱ्यांपैकी अनेकांनी तो वाचलेला नसतो. प्रत्येक महत्त्वाच्या कागदाचा साध्या मराठीत दोन-तीन पानांचा गोषवारा दिल्याशिवाय तो विषय मताला टाकू नये. ज्या संस्थांत गुजराती, तमिळ किंवा सिंधी बोलणारी कुटुंबे आहेत, तेथे त्यांना समजेल असे सांगणारा माणूस आधी नेमावा. बँकेत आयुष्य घालवलेला सभासद आणि गृहिणी म्हणून घर चालवलेली सभासद या दोघांची सही कराराच्या खाली सारख्याच वजनाची असते. म्हणून समजून घेण्याची संधीही दोघांना सारखी मिळाली पाहिजे.

यानंतर कोण बोलते आणि कोण गप्प राहते, हा प्रश्न येतो. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५१ च्या सुमारास अमेरिकेत केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. रेषांची लांबी ओळखण्याच्या अगदी सोप्या प्रश्नावर, आधीच्या सर्वांनी ठरवून चुकीचे उत्तर दिले की शेवटच्या माणसानेही सुमारे एक तृतीयांश वेळा तेच चुकीचे उत्तर दिले. सोबत एक जरी माणूस बरोबर उत्तर देणारा असला, किंवा उत्तर मोठ्याने सांगण्याऐवजी कागदावर लिहायचे असले, तर हे प्रमाण पुष्कळ खाली येत असे. डोळ्यांसमोरच्या रेषेबाबत असे होत असेल, तर जिथे खरे उत्तर कोणालाच पूर्णपणे ठाऊक नसते अशा विषयावर ‘सर्वांना मान्य आहे ना?’ असे विचारून हात वर करायला लावण्याला काय अर्थ उरतो? म्हणून मोठ्या विषयांवर चर्चेपूर्वी प्रत्येकाने आपले मत आणि आपली मुख्य शंका चिठ्ठीवर लिहून द्यावी, त्या शंका नाव न घेता वाचून दाखवाव्यात, आणि मगच बोलणे सुरू करावे. एकदा बोललेल्याने सर्वांची पहिली फेरी पूर्ण होईपर्यंत पुन्हा बोलू नये. सदनिका पत्नीच्या नावावर आणि सभेत बोलतात पती, ही आपल्याकडची नेहमीची स्थिती आहे. जिच्या नावाने भागपत्र (शेअर सर्टिफिकेट) आहे तिचे मत तिच्याच तोंडून ऐकावे, असा नियम करण्यात कोणाचाही अपमान नाही.

सभेच्या अध्यक्षांबद्दल एक स्पष्ट अपेक्षा लिहून ठेवावी. जो सभा चालवतो त्याने त्या विषयावर वाद घालू नये. घालायचा असेल तर तेवढ्या विषयापुरते अध्यक्षपद दुसऱ्याकडे द्यावे. वेळेत सुरुवात, वेळेत समाप्ती, फोन बंद, हे मुद्दे एका ओळीत आटोपण्यासारखे आहेत.

विषयपत्रिकेच्या शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ अशी ओळ परंपरेने असते. या ओळीखाली पाणी कपात, उत्सवाची वर्गणी असे विषय खुशाल यावेत. पण ज्यामुळे कोणाच्या घराचे क्षेत्र, पैसा किंवा हक्क बदलतो असा कोणताही विषय त्याखाली घेतला जाणार नाही, असे नियमात असलेच पाहिजे. रात्री साडेदहा वाजता, निम्मी माणसे निघून गेल्यावर झालेले ठराव पुढे किती वर्षे न्यायालयात फिरतात, हे वकिलांना विचारून पाहावे.

व्हॉट्सॲप ग्रुपविषयी माझे मत कठोर आहे. तो सूचना देण्यासाठी ठेवावा, चर्चेसाठी ठेवू नये. समोरासमोर जे शब्द कोणी उच्चारणार नाही ते तेथे लिहिले जातात, त्यांचे स्क्रीनशॉट बिल्डरपर्यंत जातात, आणि वाटाघाटीत संस्थेची बाजू तेथेच दुबळी होते. तेथे आलेल्या अंगठ्याच्या चिन्हाला संमती मानू नये, हेही लिहून ठेवावे.

निर्णय कसा करायचा, याबाबत गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाकडे आपण शहरातल्या माणसांनी आदराने पाहिले पाहिजे. तेथील ग्रामसभा बहुमताने निर्णय करत नाही, सर्वसहमतीने करते. एकमत झाले नाही तर विषय पुढे ठेवते आणि पुन्हा बोलते. त्या गावाने याच रीतीने आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क २००९ मध्ये मिळवला. त्यांच्या पद्धतीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग म्हणजे अभ्यास गट. गटात विषय समजून घ्यायचा, बाहेरच्या जाणकारांना बोलवायचे, उलटसुलट बोलायचे, पण निर्णय तेथे करायचा नाही, निर्णय ग्रामसभेत. समजून घेण्याची जागा आणि ठरवण्याची जागा वेगळी ठेवल्यामुळे माणसाला आपले मत बदलायला वाव मिळतो, कारण अभ्यासात बोललेल्या शब्दाला कोणी बांधून ठेवत नाही.

आपल्याला प्रत्येक बाबतीत सर्वसहमती साधणार नाही, हे मी मान्य करतो. इमारत धोकादायक असेल आणि एकच सभासद अडून बसला असेल, तर बाकीच्यांचे प्राण त्याच्या होकारावर टांगून ठेवता येत नाहीत. कायद्याने बहुमताचा मार्ग दिला आहे तो यासाठीच. तथापि कोणता विषय सहमतीने, कोणता बहुमताने आणि कोणता गुप्त मतदानाने सोडवायचा, हे आपण कोणत्या बाजूला आहोत हे कळण्याआधी ठरवता येते. वाहनतळाची आणि मजल्यांची वाटणी कोणत्या तत्त्वावर व्हावी, यावर बिल्डर ठरण्यापूर्वी एकमत होणे शक्य असते. नकाशा हातात आल्यावर, पूर्वेकडची खिडकी कोणाच्या वाट्याला येते हे दिसू लागल्यावर, तेच एकमत फार अवघड होते.

बहुमताच्या विरोधात राहिलेल्या सभासदांसाठी काय नियम आहे, यावरून मी कोणत्याही संस्थेची पारख करीन. त्यांचा विरोध कारणांसह इतिवृत्तात त्यांच्याच शब्दांत नोंदवला जाईल. त्यांना ‘विकासविरोधी’ किंवा ‘बिल्डरचा माणूस’ अशी विशेषणे सभेत वा ग्रुपवर लावली जाणार नाहीत. कागद त्यांनाही इतरांसारखेच मिळत राहतील. याच्या बदल्यात त्यांच्याकडूनही एक अपेक्षा ठेवणे न्याय्य आहे: झालेला निर्णय प्रत्येक सभेत पुन्हा उकरू नये. नवी माहिती आली असेल आणि ठरावीक संख्येने सभासदांनी लेखी मागणी केली असेल, तरच विषय पुन्हा उघडावा. ही संख्या आधी ठरलेली नसेल तर दोन गोष्टींपैकी एक होते. एकतर कोणताही निर्णय कधीच पक्का होत नाही, किंवा चुकीचा निर्णय दुरुस्त करण्याचा दरवाजाच बंद होतो.

इतिवृत्ताचे काम आपण फार हलके समजतो. सभा संपण्यापूर्वी सचिवांनी त्या दिवशीचे निर्णय मोठ्याने वाचून दाखवावेत: काय ठरले, सूचक कोण, अनुमोदक कोण, काम कोणी करायचे आणि कोणत्या तारखेपर्यंत. लोक उठण्याआधी झालेली दुरुस्ती दोन मिनिटांत होते; तीच पुढच्या सभेत दोन तास घेते. मसुदा सर्वांना ठरलेल्या दिवसांत मिळावा. सचिवपद हे आपल्याकडे बिनपगारी आणि बिनकौतुकाचे पद आहे, आणि नोकरी सांभाळून रात्री जागून हे काम करणाऱ्या सर्व सचिवांबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणूनच सचिवांना साहाय्य करण्यासाठी समितीबाहेरचा एक लेखनिक सभासद प्रत्येक सभेत पाळीपाळीने असावा, असे सुचवतो.

नियम मोडला तर काय? येथे दंड आणि नोटिसांची भाषा टाळावी. समितीत नसलेल्या, दोन्ही बाजूंचा विश्वास असलेल्या दोन सभासदांना सर्वांनी निवडावे. नियम मोडला गेला असे ज्याला वाटेल त्याने आधी त्यांच्याशी बोलावे, आणि त्यांनी संबंधिताला खासगीत आठवण करून द्यावी. पुन्हा तेच झाले तर सभेत सांगावे. बहुतेक गोष्टी पहिल्याच पायरीवर मिटतात, कारण मुळात बहुतेक माणसांना चुकीचे वागायचे नसते.

समित्यांना मात्र एका धोक्याची जाणीव करून देणे भाग आहे. हे नियम समितीने लेटरहेडवर टाइप करून सूचना फलकावर लावले, तर ते निरुपयोगी ठरतील. ज्यांना ते पाळायचे आहेत त्यांनीच ते सुचवले पाहिजेत, त्यांवर वाद घातला पाहिजे, आणि सहा महिन्यांनी त्यांतील कोणते चालले नाहीत हे पाहून बदलले पाहिजेत. ते थोडे असावेत, कोणालाही न वाचता आठवतील इतकेच. आणि ते गैरसोयीच्या प्रश्नाला गप्प करण्यासाठी वापरले जाऊ नयेत; ‘तुमची तीन मिनिटे संपली’ हे वाक्य हिशेब विचारणाऱ्यालाच तेवढे ऐकू येत असेल, तर तो नियम त्याच दिवशी रद्द करावा.

आपल्या संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी होणे आवश्यक असते, आणि तिची सूचना १४ दिवस आधी निघते. माझी समित्यांना विनंती आहे की येत्या सभेच्या विषयपत्रिकेत पुढील विषय घ्यावा, आणि समितीने घेतला नाही तर सभासदांनी तो लेखी देऊन घ्यायला लावावा: ‘संस्थेच्या पुनर्विकासाविषयी कोणताही प्रस्ताव विचारात घेण्यापूर्वी, सभा, माहिती, चर्चा, निर्णय आणि मतभेद यांबाबत सभासदांनी परस्परांशी पाळावयाचे नियम ठरवण्यासाठी विशेष सर्वसाधारण सभा बोलावणे, आणि त्या नियमांचा मसुदा करण्यासाठी समितीतील दोन व समितीबाहेरील तीन सभासदांचा गट नेमणे, या गटात किमान दोन महिला असाव्यात.’ ज्या संस्थांची बोलणी आधीच सुरू झाली आहेत, त्यांनी वार्षिक सभेची वाट न पाहता बिल्डरसोबतची पुढील बैठक तोपर्यंत लांबणीवर टाकावी आणि हीच सभा आधी घ्यावी.

आपला नम्र,
एक सभासद,
नौपाडा, ठाणे